रविवारची साक्ष

ब्रदर ज्ञानमुत्तूंनी एक सँडल पायरीपाशी काढली. दुसरी खाडीकाठच्या खाजणातल्या चिखलाने ठेवून घेतली होती. गुडघ्यापर्यंत काळे झालेले पाय घेऊन ते अंगणात उभे राहिले आणि म्हणाले, "या घरास शांती असो."

घरात दोन वर्षं शांतीच होती. नितेश आणि त्याचा बाप दिनानाथ एकमेकांशी बोलत नव्हते. जे काही बोलायचं ते नितेशच्या आईमार्फत, मालूमार्फत जायचं. 'त्याला सांग, दार लावून घे.' 'बाबांना सांग, लावलंय.' तिघं एकाच खोलीत असायची. मालू तरी दोन्ही निरोप मोठ्याने पोचवायची, कारण तिला कुणाची बाजू घ्यायची नव्हती.

मालूने तांब्या आणला आणि पाहुण्याच्या पायांवर पाणी ओतलं. ब्रदरांना शिष्यांचे पाय धुणारा येशू आठवला आणि त्यांचे डोळे भरून आले. मालूला वाटलं, काटा लागला असेल.

ज्ञानमुत्तू तिरुनेलवेलीकडचे. चार वर्षांपूर्वी ते रोह्याला ख्रिस्ती मंडळी स्थापन करायला आले. मराठी ते बायबलावरूनच शिकले होते, त्यामुळे रिक्षावाल्यालाही ते 'हे बंधो' म्हणायचे. पेणच्या कॉलेजातल्या पोरांना त्यांचं नाव झेपेना, म्हणून पोरांनी त्यांचं 'ज्ञानमूर्ती' केलं. ज्या गावात दर दुसऱ्या गल्लीत गणपती वाळत घातलेले असतात, तिथे मूर्तिपूजा सोडा म्हणून सांगायला आलेल्या माणसाला ज्ञानमूर्ती म्हणायचं, यात आपण काही गंमत करतोय हे पोरांच्या लक्षातही आलं नव्हतं. ब्रदरांच्या आलं होतं. ते सहन करत.

नितेश त्यांना कॉलेजच्या कँटीनमध्ये भेटला. त्यांनी विचारलं, "तुझ्या अंतःकरणात काय आहे?" नितेश म्हणाला, "राग." कुणावर, तर बापावर. ब्रदरांनी वडा बाजूला ठेवून सगळं ऐकून घेतलं. तेव्हापासून नितेश रविवारी रोह्याला जायला लागला. आता ब्रदरांची इच्छा होती की, त्याने चार लोकांसमोर उभं राहून आपला राग कसा गेला ते सांगावं. राग गेला नव्हता. पण ब्रदरांना तो जाताना दिसत होता आणि नितेशला त्यांचं मन मोडवत नव्हतं. मात्र आईवडिलांना विचारल्याशिवाय ते कुणालाच उभं करत नसत. म्हणून ते आज खाडीकाठी चिखल तुडवत आले होते.

"आपल्या पुत्राने येत्या रविवारी रोह्यास साक्ष द्यावी," ब्रदर म्हणाले, "यासाठी मी आपली अनुमती मागावयास आलो आहे."

दिनानाथ ओटीवर बसून जाळं सांधत होता. त्याचा हात थांबला.

या गावात साक्ष म्हटली की एकच.

सत्त्याण्णवच्या ऑक्टोबरात, भात लोंबीवर आलेलं असताना, केरूशेठच्या माणसांनी बांधावरच्या उघाडीची दारं वर केली. खाडीचं पाणी आत येऊ नये म्हणून ती दारं असतात. केरूशेठला कोळंबीच्या तळ्यात खारं पाणी हवं होतं. तळं भरलं की दारं टाकायची, एवढंच काम. पण त्या दुपारी क्रिकेटची मॅच होती. माणसं वडखळला टीव्हीपुढे जाऊन बसली. मॅच अटीतटीची झाली. इकडे उधाणाचं पाणी आत आलं आणि सगळ्या गावाचं भात खारवून गेलं. तेव्हापासून त्या जमिनीत मीठफुटी सोडून काही उगवलं नव्हतं. केरूशेठ म्हणाला, दारं आपोआप उघडली. दारं लाकडाची होती आणि एकेक दार उचलायला दोन माणसं लागत.

उघडताना पाहणारा एकटा दिनानाथ. तो बांधावर चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरत होता. पोलिसांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "चिंबोऱ्या धरताना तोंड खाली असतं." दिनानाथ केरूशेठच्याच मिठागरावर कामाला होता. गाव कोर्टात गेलं होतं, पेणला मंगळवारी तारीख होती, दिनानाथला समन्स आलं होतं, आणि त्याचं तोंड अजून खालीच होतं. नितेशने बापाशी बोलणं टाकलं ते यावरूनच.

"कोनाविरुद्ध साक्ष?" दिनानाथने विचारलं.

ब्रदर जरा गोंधळले. मग त्यांचा चेहरा उजळला. "तसे पाहिले असता, सैतानाविरुद्ध."

दिनानाथने मान वर केली. गावात केरूशेठला सैतानच म्हणत. तोंडावर शेठ म्हणत.

"तुमाला काय म्हाईत त्याचं?"

"त्याची सर्व कृत्ये मला ठाऊक आहेत. तो नाश करावयास येतो. शेत उभे असता येतो."

"उभंच व्हतं," दिनानाथ म्हणाला.

नितेश दारात उभा होता. एका वाक्यात सगळं निस्तरलं असतं. बाबा, ही ती साक्ष नाय. ते वाक्य त्याच्या तोंडात आलं होतं. त्याने बापाच्या कपाळावरचा घाम पाहिला आणि ते गिळून टाकलं. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याला घरी बरं वाटत होतं.

"पन रविवारी कसलं कोर्ट?"

"आमचे रविवारीच असते. सर्व लोक एकत्र जमतात."

"मंजे लोकअदालत."

ब्रदरांनी या शब्दावर विचार केला. "लोक असतात," ते म्हणाले. "न्यायही होतो."

"आन पोराला काय झालं तर? सैतान सोडनार हाय व्हय त्याला?"

"भिऊ नका. प्रभू त्याच्या बाजूने उभा राहील."

"कोनचे प्रभू? पेनचे, का अलिबागचे?"

पेणला एक प्रभू वकील होते. अलिबागला दुसरे होते, ते महाग.

"प्रभू एकच," ब्रदर ठामपणे म्हणाले. "आणि तो सर्वत्र आहे."

"मंजे दोन्ही कोर्टांत चालवतो. फी?"

"कृपा. केवळ कृपा."

"फुकटचा वकील मंजे समोरच्याचा मानूस," दिनानाथ मालूला म्हणाला. मालूने तेही मोठ्याने पोचवायला तोंड उघडलं आणि मिटलं.

नितेशला हसू येत होतं. ते दाबायला त्याने गाल आतून चावला. मग दिनानाथने जाळं बाजूला सारलं. त्याचा आवाज चढला.

"पोराला उभा करायचा नाय! सांगून ठेवतो. त्या दिशी तो कॉलेजात व्हता पेनला. त्याला काय दिसलं? काय बी दिसलं नाय. दिसलं मला."

मालूने नितेशकडे पाहिलं. हे वाक्य तिच्यामार्फत गेलं नव्हतं.

"मी येतो रविवारी," दिनानाथ म्हणाला. "माझी घ्या."

ब्रदरांना पुन्हा भरून आलं. या वेळी मालूला काटा वाटला नाही.

*

रोह्याला सायकलच्या दुकानावर मंडळीची पत्र्याची खोली होती. निळे पडदे, प्लास्टिकच्या खुर्च्या, बहुतेक कॉलेजची पोरंपोरी. प्रवीण गिटार वाजवत होता. प्रवीण केरूशेठचा पुतण्या. तो गिटारसाठी यायचा. ब्रदर म्हणायचे, गिटारसाठी का होईना. काकाचं आणि नितेशच्या गावाचं काय चाललंय ते त्याला ठाऊक होतं. दोघं एकमेकांना 'काय रे' म्हणत, त्यापुढे जात नसत.

दिनानाथ इस्त्रीचा सदरा घालून आला होता. सगळे गाण्याला उभे राहिले तसा तोही राहिला, आणि न्यायाधीश कुठून येतात ते दारात पाहू लागला. कुणी आलं नाही. टाळ्या झाल्या. वैशाली नावाच्या मुलीने सांगितलं की, तिला परीक्षेत चक्कर यायची, ती आता येत नाही. सगळे "आमेन" म्हणाले. दिनानाथ शेजाऱ्याकडे वळून काहीतरी कुजबुजला. शेजाऱ्याने त्याला गाण्याचं पुस्तक दिलं. दिनानाथने ते उघडून पाहिलं आणि मिटून मांडीवर ठेवलं. मग बराच वेळ तो प्रवीणकडे बघत बसला.

नितेश पहिल्या रांगेत होता. ही जागा त्याने मुद्दाम धरली होती. बापाची फजिती त्याला नीट पाहायची होती.

ब्रदरांनी दिनानाथला पुढे बोलावलं आणि वचन वाचून सुरुवात करावी म्हणून बायबल समोर धरलं. दिनानाथने त्यावर हात ठेवला.

"खरं सांगेन," तो म्हणाला. "दुसरं काय सांगनार नाय."

"आमेन," खोली म्हणाली.

"मी बांधावर व्हतो. चिंबोऱ्या धरत व्हतो. दोगं आले, केरूशेठचे. दारं वर केली. मी वरडलो, अरे टाका, उधान हाय! ते मनाले, गप ऱ्हा, शेठला पानी पायजे. आन गेले."

"आमेन."

"मी एकट्यानं दार वडून बघितलं. हालंना. पानी कंबरेला लागलं. ठमाबाईचं भात माझ्या डोळ्यांदेखत गेलं. मंग कान्हूचं. मंग आमचं. मी उभा व्हतो."

या वेळी आमेन थोडं उशिरा आलं, आणि दोघातिघांचंच.

"दुसऱ्या दिशी केरूशेठ मिठागरावर आला. मनाला, दिनू, तू काय बघितलं? मी मनालो, तोंड खाली व्हतं. तो हसला रे! माझ्या पाठीवर थाप मारली त्यानं! शाबास मनाला, भडवा! सगळ्या गावाच्या पोटावर पाय दिला आन मला शाबास मनाला! केरू जनू म्हात्रे! नाव घेतो मी, लिवून घ्या! केरू जनू म्हात्रे!"

पडद्याला वारा लागत होता. वैशालीने तोंडावर हात धरला होता. ब्रदर डोळे मिटून उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते.

प्रवीणने गिटार भिंतीला टेकवली आणि तो जिन्याने खाली उतरला. खाली त्याची लूना चालू झाली. ती लांब जाईपर्यंत दिनानाथ बोलायचा थांबून राहिला. मग तो म्हणाला, "झालं माझं," आणि घाम पुसत खाली बसला.

नितेशला हसू आलं नाही. त्याचे कान तापले होते आणि राग होता तिथेच होता. फक्त तो आता नेमका कुणावर काढायचा, हे त्याला कळेना.

ब्रदर जवळ आले. "दिनानाथ, आता त्यास क्षमा करावी."

"बघू," दिनानाथ म्हणाला. "मंगळवारी भेटंल तवा."

नितेशने झटकन मान वर केली.

*

एसटी स्टँडवर दोघं बाकाच्या दोन टोकांना बसले. मध्ये मालू नव्हती.

"बाबा," नितेश म्हणाला. "ते कोर्ट नव्हतं."

"कोर्टात टाळ्या वाजवतात व्हय? इतका येडा हाय मी?"

"मग बोललास कशाला?"

दिनानाथने फलाटावरच्या पाटीकडे पाहिलं. "ते गिटारवालं पोर. केरूशेठच्या पोरीच्या लग्नात वरातीपुढं नाचलेलं. तेच ना?"

"व्हय."

"आता काकाकडं पोचलं असंल." तो उठला. "आता मंगळवारी नाय मनायची सोय ऱ्हायली नाय मला."

गाडी लागली. दिनानाथ दारात एक पाय ठेवून मागे वळला. त्याचे डोळे लाल झाले होते.

"त्या बिचाऱ्याचं मराठी तसलं. आन तू दारात उभा ऱ्हाऊन गंमत बघत व्हतास. बापाची."

दिनानाथ आत गेला, दोघांच्या सीटवर खिडकीशी बसला आणि शेजारी आपली पिशवी ठेवली. नितेश दांडी धरून उभा राहिला.

नागोठण्याला गाडी भरली. मासळीची पाटी घेतलेली एक बाई सीटपाशी आली. "अवो, पिशवी उचला की. बसू दे."

"धरल्याली जागा हाय ती," दिनानाथ म्हणाला. "माझा पोरगा बसतोय."

बाईने नितेशकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं आणि पाटी सावरत ती पुढे सरकली. दिनानाथ खिडकीबाहेर बघत होता. पिशवी त्याने उचलली नाही. नितेश वडखळपर्यंत तसाच, त्या जागेशेजारी उभा राहिला, आणि दुसरं कुणी विचारायला आलं की सांगत राहिला, जागा धरलेली आहे.