साहेबांनी पुसलेल्या उड्या

विभागात तिच्या पाठीमागे सगळे तिला ‘मिरची’ म्हणत. त्या सकाळी तिने ते नाव सार्थ केलं.

वाफेचा व्हॉल्व्ह कसा वागतो, हे जमवलेल्या नोंदींवरून संगणकाला शिकवायचं काम तिचं होतं. व्हॉल्व्ह एक नंबरचा लबाड. उघड म्हटलं की हटून बसायचा आणि मग एकदम उडी मारून नको तितका उघडायचा. शिकवायच्या होत्या त्या या उड्याच. आणि मोठ्या साहेबांनी तिला न विचारता नेमक्या त्याच नोंदी कचरा म्हणून काढून टाकल्या होत्या. उरलेल्या नोंदींवर संगणकाचं मॉडेल इतकं झकास बसलं, की साहेबांनी आलेख भिंतीवर लावला. तो पाहून तिच्या डोक्यात तिडीक गेली.

“सर, हा व्हॉल्व्ह असा सरळ वागतच नाही.”

“अहो, तो नुसता नॉईज होता, मोजणीतला निरर्थक कचरा. रेघ बघा, किती गुळगुळीत आलीय.”

“रेघ गुळगुळीत आहे, व्हॉल्व्ह नाही. आज मॉडेलच्या हाती खरा व्हॉल्व्ह द्यायची चाचणी थांबवा.”

“चाचणी बघायला पाहुणे येऊन बसलेत. उगाच राईचा पर्वत करू नका.”

चाचणीच्या वेळी, गरज पडली तर व्हॉल्व्ह हाताने बंद करायला, एक फिटर उभा राहणार होता. तो तिचा सख्खा धाकटा भाऊ. तिने त्याला फोन लावला.

“लांब उभा राहा. काही झालं तरी जवळ जायचं नाही.”

“ताई, लांब राहिलो तर बंद कोण करणार? हातमोजे आहेत ना.”

चाचणी सुरू झाली. व्हॉल्व्ह हटून बसला. मॉडेलला हे हटणं कोणी शिकवलंच नव्हतं, म्हणून ते जोर वाढवत गेलं. मग व्हॉल्व्हने उडी मारली. भाऊ चाक फिरवायला धावला आणि पाइपच्या जुन्या जोडातून फुटलेल्या वाफेने त्याचा हात कोपरापर्यंत भाजला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. आवाज अगदी मऊ होता.

“वाईट झालं. पण तेवढा एक क्षण वगळला, तर मॉडेल उत्तम चाललं. अहवालातून तेवढी नोंद काढून टाका.”



“काढते. आधी माझ्याबरोबर हॉस्पिटलात चला. त्याच्या पट्ट्या बदलतात तेव्हा समोर उभे राहा आणि त्याला सांगा, तू नॉईज होतास म्हणून.”

साहेब खुर्चीतून उठले नाहीत. ती दार उघडं धरून उभी राहिली.