सहा भोकांची भिंत

मी एक जुना ओळंबा आहे. ओळंबा म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक नसेल तर तुमचा दोष नाही, मित्रांनो. हल्ली मोठ्यांनाही ठाऊक नसतं, आणि म्हणूनच हे सगळं घडलं. दोरीला टांगलेला पितळी भोवरा समजा मला. गवंडी मला भिंतीच्या माथ्यावरून खाली सोडतात. भिंत सरळ असेल तर मी तिला जेमतेम टेकतो. ती पुढे कलली असेल तर मी तिच्यापासून सुटून लोंबतो. मला खोटं बोलता येत नाही. आज तर मी चांगलाच रागावलोय, तेव्हा माझ्याकडून गोडगोड ऐकायला मिळणार नाही.

भट्टीत माझं पितळ ओतलं, लेथवर मला घासूनपुसून गुळगुळीत केलं आणि एका तरुण मिस्त्रीने मला दुकानातून उचललं. पुढची चाळीस वर्षं मी त्याच्या खिशात काढली. "माणूस फसवेल, हा नाही फसवणार," असं तो चारचौघांत सांगायचा. ऐकून माझी छाती फुगायची. घरी त्याची लेक दोरी धरून मला झोके द्यायची. ती मोठी झाली आणि शाळेत सगळ्यात लहान मुलांची बाई झाली.

शाळेच्या मागे डोंगर होता. तो वर्गावर येऊ नये म्हणून मिस्त्रीने दोन पुरुष उंच भिंत बांधली. तिच्यात त्याने आरपार सहा नळ्या घातल्या. डोंगरात मुरलेलं पाणी त्या सहा भोकांतून बाहेर पडायचं. भिंतीला ती सहा नाकंच होती म्हणा ना.

मग मोठ्या सरांच्या मनात आलं, भिंतीवर जंगलाचं चित्र काढायचं. चित्र सुरेख झालं. पण एक भोक नेमकं सिंहाच्या नाकाशी आलं आणि त्यातून गढूळ पाणी गळू लागलं. "सिंहाला शेंबूड आला!" म्हणत पोरं पोट धरून हसायची. सरांना मात्र हसू आलं नाही. पाहुणे यायचे होते.

"मिस्त्री, ही भोकं बुजवून टाका."

"सर, पाणी आत तुंबेल. भिंतीला ढकलेल."

"अहो, एवढी दगडी भिंत! पाण्याने कुठं पडते? पाहुणे येऊन जाऊ देत, मग उघडा."

आणि मिस्त्रीने भोकं बुजवली. हो, माझ्याच मिस्त्रीने! सगळं कळत असून त्याने सिमेंट कालवलं. त्याचाही मला राग आहे, तो मी लपवणार नाही. त्या दिवशी त्याने भिंतीच्या माथ्यावर खिळा ठोकला, मला टांगलं आणि लेकीला म्हणाला, "रोज बघत जा गं याच्याकडे."

पाहुणे आले, टाळ्या वाजवून गेले. भोकं काही उघडली नाहीत. पावसाची झड लागली आणि मी भिंतीपासून सुटलो.

"बाबा, एक बोट फट पडलीय."

"काल किती होती?"

"काल अर्धं बोट."

मिस्त्री सरांकडे धावला. सर म्हणाले, "दोरी सैल झाली असेल हो. वय झालं आता तुमचं." म्हणे दोरी सैल! बाई म्हणाल्या, "निदान माझी मुलं हॉलमध्ये बसवू द्या." तर म्हणे, "हॉलची फरशी नवी आहे, बाई. चिखल करतील." पालथ्या घड्यावर पाणी!

फट तीन बोटं झाली, त्या सकाळी बाईंनी कुणाला विचारलं नाही. बत्तीस मुलांना हाताला धरून त्यांनी मैदानापलीकडे फाटकाजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेलं. मिस्त्री छिन्नी-हातोडा घेऊन भिंतीशी आला. पहिलं भोक उघडताच पाण्याची चिळकांडी त्याच्या तोंडावर उडाली. त्याने दुसरं उघडलं. तिसऱ्यावर छिन्नी टेकवली आणि जमीन हलली.

तसा भूकंप मी कधी पाहिला नव्हता. शहरात किती घरं बसली त्याची गणती नाही. आमची भिंत पोट फुटल्यासारखी फुटली आणि तिच्यामागून डोंगर खाली आला. मुलांचा वर्ग छतापर्यंत चिखलाने भरला. शेडमधली बत्तीसच्या बत्तीस मुलं सुखरूप राहिली. मिस्त्री दुसऱ्या दिवशी सापडला. हातोडा त्याच्या मुठीतच होता.

चौकशी झाली. मोठे सर म्हणाले, "भूकंपापुढे कुणाचं काय चालतं? त्यात मिस्त्रीने ऐन वेळी भिंत फोडली, म्हणून ती पडली." मेलेल्या माणसाच्या डोक्यावर खापर फोडायला सोपं असतं, तो काय उठून बोलणार! त्याच डोंगराला मिस्त्रीने बांधलेल्या आणखी दोन भिंती आहेत. त्यांची भोकं उघडी होती. त्याच पावसात, त्याच भूकंपात त्या टिकल्या, आजही उभ्या आहेत. ते बघायला कुणी गेलं नाही.

मला चिखलातून काढून काचेच्या पेटीत ठेवलं. वर चिठ्ठी लावली, 'आपत्तीची आठवण'. आणि ठेवलं कसं? आडवं! आडवा ओळंबा काय बोलणार, कपाळ? मी वर्षभर तसाच पडून धुमसत राहिलो.

मग नवी भिंत झाली, तिलाही सहा भोकं ठेवली. तिच्यावर नवं चित्र आलं, या खेपेला मोरांचं. उद्घाटनाला पाहुणे खुर्च्यांवर बसले होते. बाई आल्या, त्यांनी पेटी उघडली आणि मला बाहेर काढलं.

"बाई, काय करताय?" सर ओरडले.

"बाबांचं काम, सर."

त्यांनी मला भिंतीवर टांगलं. मग त्या भोकं मोजत चालल्या. चौथ्या भोकात चिंधीचा बोळा होता! बाईंनी तो सगळ्यांसमोर ओढून काढला. भसकन आलेलं गढूळ पाणी मोरांवरून ओघळत सरांच्या बुटांवर गेलं. कुणी टाळी वाजवली नाही. बाईंनी तो बोळा सरांच्या हातात ठेवला. "भिंत माझ्या बाबांनी पाडली नव्हती," त्या म्हणाल्या.

आता रोज शाळा भरायच्या आधी लहान मुलं माझ्याकडे बघतात आणि भोकं मोजतात. मित्रांनो, तुमच्या शाळेमागे अशी भिंत असेल तर तुम्हीही मोजा. पाण्याने चित्र खराब झालं तर होऊ द्या. पण सहातली पाचच उघडी दिसली, तर वर्गात पाऊल टाकू नका. सरळ मैदानात जाऊन बसा. कोण रागावतं ते मला बघायचंय.