दुसऱ्यांदा चढवलेला झेंडा

बोरदऱ्याच्या जिल्हा परिषद शाळेत झेंडा बांधायचं काम कानिफनाथ सरांकडे होतं. कुणी नेमून दिलेलं नव्हतं. पंधरा ऑगस्टला ते सगळ्यांच्या आधी येत, टेबल पुसून झेंडा पसरत, त्याच्या पोटात झेंडूच्या पाकळ्या ठेवत आणि एका हिसक्यात सगळं उलगडेल अशी गाठ मारत. नोकरीच्या सुरुवातीला ते याच शाळेत होते. मग तालुकाभर बदल्या होऊन डोक्याचे केस पांढरे झाल्यावर पुन्हा इथंच आले होते.

अलीकडे मात्र या दिवसांचा त्यांना वीट आला होता. जयंती असो, शपथ असो, प्रभातफेरी असो, वरून एकच निरोप यायचा, फोटो टाका. जुलैत मूठभर मातीची शपथ झाली. पोरांनी हातात माती धरून शपथ घेतली, तर मुख्याध्यापिका पुष्पावती मॅडम म्हणाल्या, "फोटो हलला." पोरांनी पुन्हा माती धरली, पुन्हा शपथ घेतली. तोही फोटो अंधारा आला. शेवटच्या खेपेला दुसरीतली पोरं एकमेकांच्या शर्टात माती टाकत 'देशासाठी प्राण देईन' म्हणत होती. सरांना पोरांचा राग आला नाही. पोरांना हे शिकवणाऱ्यांत आपणही आहोत एवढंच त्यांना कळलं आणि तोंड कडू झालं.

यंदा ग्रामसभेत ठरलं, झेंडा बनुबाईच्या हातानं चढवायचा. बनुबाईचा मुलगा राम फौजेत होता, बर्फाचा कडा कोसळून गेला. चौथीपर्यंत तो कानिफनाथ सरांच्याच वर्गात होता. निरोप द्यायला सर गेले तेव्हा बनुबाई ओट्यावर मटकी निवडत बसली होती.

"मला नका बोलावू, सर," ती म्हणाली. "शाली ठिवायला घरात जागा न्हाई राह्यली. दर वक्ताला माईकवर रामचं नाव घेत्यात न समदे मपल्या तोंडाकं बघत्यात, कधी रडती म्हनून."

"मावशी, शाल नाही, नारळ नाही, माईक नाही. तुम्ही यायचं, दोरी ओढायची, राष्ट्रगीत झालं की घरी. माझा शब्द."

बनुबाईनं सूप खाली ठेवलं. "कुनी फोटू घेऊन अंगावर येनार न्हाई?"

"कुणी नाही येणार."

"मंग येते," ती म्हणाली.

पंधरा ऑगस्टला पहाटेपासून भुरभुर होती, पण वेळेवर उघडली. मैदान ओलं होतं, लाल चिखल पोरांच्या पांढऱ्या मोज्यांना लागत होता. बनुबाई धुतलेलं हिरवं लुगडं नेसून आली. सरांनी तिच्या हातात दोरी दिली आणि एवढंच म्हणाले, "खालच्या बाजूनं. जोरात."

तिनं दोरी ओढली. झेंडा वर उलगडला, पाकळ्या तिच्या डोक्यावर, खांद्यावर पडल्या. पोरांनी राष्ट्रगीत म्हटलं. पेटी नव्हती, स्पीकर नव्हता, पहिलीतली पोरं दोन शब्द पुढंच पळत होती. बनुबाई मान वर करून ताठ उभी होती, रडली नाही. कानिफनाथ सरांना फार दिवसांनी बरं वाटलं.

राष्ट्रगीत संपल्यावर तिनं विचारलं, "रामचा वर्ग कंचा व्हता वो?" सरांनी कोपऱ्यातली खोली दाखवली. ती तिकडं निघणार, इतक्यात फाटकातून दोन पांढऱ्या गाड्या आत आल्या आणि मैदानातल्या चिखलात चाकांचे चर उमटवत खांबाजवळ थांबल्या.

करणदादा उतरले. येत्या निवडणुकीला गटातून उभं राहायची त्यांची तयारी चालली होती. शाळेला पाण्याची टाकी त्यांनीच दिली होती आणि टाकीवर त्यांचा चेहरा टाकीएवढाच होता. मागून कॅमेरावाला उतरला, दोघांनी फ्लेक्स उलगडला. फ्लेक्सवर करणदादा सलाम करत होते. खाली कोपऱ्यात रामचा पासपोर्ट आकाराचा फोटो होता.

वर फडकणारा झेंडा पाहून करणदादांचा चेहरा उतरला. "झालं पण? मॅडम, मी निघालोय म्हणून फोन केला होता ना?"

पुष्पावती मॅडम पदर सावरत पुढं झाल्या. "दादा, वेळ ठरलेली असते ना... वरून तसं पत्र..."

"ठीक आहे. पुन्हा घेऊ." त्यांनी हे इतक्या सहज म्हटलं, जणू चहाच सांगत होते.

मॅडम सरांकडं आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "सर, जरा उतरवून परत बांधून द्या. पाच मिनिटांचं काम आहे."

"मॅडम, झेंडा संध्याकाळी उतरतो."

"मला माहीत नाही का? पण टाकी त्यांनी दिली, छपराच्या पत्र्यांचं काम त्यांच्याच हातात आहे. माझी दोन वर्षं राहिलीत. मला वाद नकोय."

"मी नाही उतरवणार."

कॅमेरावाला हसत मध्ये पडला. "सर, एवढं काय त्यात? रीटेक आहे फक्त."

सर हाताची घडी घालून खांबाला पाठ लावून उभे राहिले. मग करणदादांबरोबर आलेल्यांतल्या एकानं त्यांना खांद्यानं बाजूला सारलं, दोरी सोडली आणि झेंडा सर्रकन खाली घेतला. हातात धरायला कुणी नव्हतंच. झेंडा त्याच्या पायाशी येऊन पडला.

"सर, झेंडा खाली टेकला!" चौथीतली सृष्टी ओरडली. तिच्या आवाजात रडू होतं. ओळीतली सगळी पोरं सरांकडं बघायला लागली. गेल्याच आठवड्यात सरांनी त्यांना शिकवलं होतं की झेंड्याचं टोकसुद्धा जमिनीला लागू द्यायचं नाही.

त्या माणसानं झेंडा उचलला. पांढऱ्या पट्ट्याला चिखल लागला होता. त्यानं तो आपल्या पँटच्या मांडीवर घासला. मग पाकळ्या नाहीत असं लक्षात आल्यावर दुसरा वाकला आणि बनुबाईच्या अंगावरून पडलेल्या, पोरांच्या बुटांनी तुडवलेल्या पाकळ्या चिखलातून गोळा करून झेंड्यात कोंबल्या. कानिफनाथ सरांनी तोंडावर रुमाल धरला. ओकारी खरंच येईल असं त्यांना वाटलं.

"आजी, तुम्ही इकडं या, दादांच्या शेजारी," कॅमेरावाला म्हणाला. कुणीतरी गाडीतून रामचा मोठा फोटो काढून बनुबाईच्या हातात दिला. "असा छातीशी धरा. आणि झेंडा वर गेला की डोळ्याला जरा पदर लावा. एकदाच."

बनुबाईनं सरांकडं पाहिलं. सरांनी मान खाली घातली. शब्द त्यांनी दिला होता.

करणदादांनी दोरी ओढली. गाडीतल्या स्पीकरवर राष्ट्रगीत लागलं, इतकं मोठ्यानं की शाळेचे पत्रे थरथरले. पोरं सावधान झाली. सरांचे पायही सवयीनं जुळले, हात मांड्यांना चिकटले. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत बनुबाईनं रामचा फोटो नीट पदराखाली घेतला, गुडघ्यावर हात टेकला आणि ती सावकाश खाली बसली. तिथंच, चिखलात, करणदादांच्या बुटांशेजारी.

करणदादांचा सलाम कपाळावर तसाच राहिला, पण नजर खाली वळली. कॅमेरा चालूच होता.

राष्ट्रगीत संपताच सरांनी तिला उठवलं. "पाय गेले का, मावशी?"

"पायांना काय धाड भरली?" ती लुगड्याचा चिखल झटकत म्हणाली. "गान्यासाठी मी मघाशी उभी राह्यले व्हते. ह्या बाबासाठी न्हाई उभी ऱ्हानार." मग थोडं थांबून म्हणाली, "तुमी म्हनले व्हते, कुनी येनार न्हाई."

ती रामचा वर्ग न बघताच घरी गेली.

दुपारपर्यंत ते चित्र सगळ्यांच्या मोबाईलवर पोचलं. वर झेंडा, मध्ये सलाम करणारे करणदादा, खाली बसलेली बनुबाई. पहिलं झेंडावंदन त्यात कुठंच नव्हतं, झेंडा उतरवल्याचंही नव्हतं. खाली लिहिलं होतं, 'राष्ट्रगीत सुरू असताना बसून राहणाऱ्यांना वीरमाता म्हणायचं का?' लोकांनी त्याखाली काय काय लिहिलं. पेन्शन बंद करा. पाकिस्तानात पाठवा. असलं लिहिणाऱ्यांत बोरदऱ्याचीच चार ओळखीची नावं होती, गेल्या वर्षी त्याच बनुबाईच्या पायाला हात लावून फोटो काढून घेतलेली.

सूर्य मावळताना सरांनी एकट्यानं झेंडा उतरवला. पांढऱ्या पट्ट्यावर पँटला घासल्याचा तांबूस फराटा उमटला होता. त्यांनी झेंडा घरी नेऊन साबणानं धुतला. डाग फिकट झाला, पण गेला नाही.

दोन दिवसांनी सरपंच गहिनीनाथ मोटारसायकलवर सरांच्या दारात आले. "सर, चला बनुबाईकडं. ती तुमचं ऐकती. तिला सांगा, गुडघे दुखत हुते म्हन, चूक झाली म्हन. कॅमेऱ्याम्होरं एवढं बोलली की दादा माफ करून टाकत्यात. लई वाढलंय परकरन."

"माफ? दादा तिला माफ करणार?"

"आता असं हाय सर, गावात ऱ्हायचंय का न्हाई?"

सर गेले. नाही म्हणाले असते तर ती त्या लोकांसमोर एकटी पडली असती. पोचले तेव्हा कॅमेरावाला ओट्यावर बसून बनुबाईच्या पदराला माईक अडकवत होता आणि करणदादा खाटेवर बसून तिच्याच घरचा चहा पीत होते.

"बोला आजी," कॅमेरावाला म्हणाला. "माझे गुडघे दुखत होते. एवढंच."

बनुबाई कॅमेऱ्याकडं बघून म्हणाली, "मपले गुडघे दुखत न्हाईत."

"आजी, तसं नाही म्हणायचं."

"दुखत न्हाईत तं काय म्हनू? आजबी दोन हंडे पानी आनलंय."

गहिनीनाथांनी सरांना कोपरानं ढोसलं. सर पुढं झाले, पण बनुबाईकडं वळले नाहीत. कॅमेऱ्यासमोर उभं राहून म्हणाले, "मी कानिफनाथ, बोरदरा शाळेचा शिक्षक. पंधरा ऑगस्टला सकाळी ठरल्या वेळी या बाईंच्या हातानं झेंडा चढला. त्या राष्ट्रगीताला ताठ उभ्या होत्या. त्यानंतर या करणदादांच्या माणसांनी तो झेंडा खाली ओढला, चिखलात पाडला, पँटला पुसला..."

कॅमेऱ्यावरचा लाल दिवा केव्हाच विझला होता.

करणदादांनी कप खाली ठेवला. राग नाही, काही नाही, उलट हसले. "सर, चांगलं बोलता तुम्ही. असे चांगले शिक्षक लांबच्या शाळांना लागतात." आणि जाताना बनुबाईच्या पाया पडले. कॅमेरावाल्यानं तेवढ्यापुरता कॅमेरा पुन्हा चालू केला. बनुबाईनं पाय मागं घेतले, तरी त्यानं घ्यायचं ते घेतलं.

सर बाहेर येऊन मोरीपाशी खरंच ओकले. बनुबाईनं तांब्याभर पाणी आणून दिलं.

त्याच आठवड्यात शाळेच्या ग्रुपवर 'उत्कृष्ट कार्यक्रम' म्हणून बोरदऱ्याचं कौतुक झालं. सरांना कार्यक्रमात सहकार्य न केल्याबद्दल पाथर्डीला शिक्षण खात्याच्या कार्यालयात चौकशीला हजर राहायचं पत्र आलं. पुष्पावती मॅडमनी ते हातात देताना नजर चुकवली. "मी तुमच्या बाजूनं लिहिलं असतं हो," त्या म्हणाल्या. सरांनी विचारलं नाही, की मग का नाही लिहिलं.

पाथर्डीला जायच्या दिवशी फाट्यावर बनुबाईही एस.टी.ची वाट बघत निवाऱ्याच्या कठड्यावर बसली होती, पिशवीत दवाखान्याचे कागद घेऊन. समोर पानटपरीजवळ गावातली तरणी पोरं मोटारसायकलींवर आडवीतिडवी रेलली होती. तिला बघून एकानं दुसऱ्याला खूण केली.

"लाव रे, लाव," तो म्हणाला. "बघू उठती का."

मोबाईलवर राष्ट्रगीत सुरू झालं. बारीक, खरखरीत आवाजात, टपरीच्या तंबाखूच्या वासात. सरांच्या डोक्यात रक्त चढलं. ते पोरांकडं झेपावणार तोच बनुबाई उठली. पिशवी खाली ठेवली, पदर सारखा केला, दोन्ही हात खाली सोडले आणि रस्त्याकडं तोंड करून ताठ उभी राहिली. सर जागच्या जागी थांबले. त्यांनाही उभं राहावं लागलं, तिच्या बाजूला, मुठी आवळून.

टपरीवाला उठला. सिगारेट ओढणाऱ्या एका म्हाताऱ्यानं सिगारेट खाली टाकली. गाड्यांवरची पोरं मात्र तशीच रेललेली. एकाचा पाय पेट्रोलच्या टाकीवर, एकाच्या तोंडात मावा. क्षणभर त्यांना काय करावं कळेना. एक जण ओशाळून खाली उतरला. दुसऱ्यानं मावा थुंकायला तोंड वळवलं आणि मग थुंकावं की नाही म्हणून तसाच गाल फुगवून बसला. ज्याच्या हातात मोबाईल होता त्यानं घाईनं बटण दाबलं. गीत अर्ध्यातच तुटलं.

"का रं बंद केलं?" बनुबाईनं विचारलं. "पुरं तं हू द्यायचं."

ती तशीच उभी राहिली, बहुतेक उरलेलं मनात म्हणत. मग कठड्यावर बसली आणि पिशवी मांडीवर घेतली.

एस.टी. आली. सरांनी तिला खिडकीची जागा दिली आणि स्वतः शेजारी बसले. गाडी सुटताना मागून पोरांचा हशा ऐकू आला. त्यातल्या एकाला सरांनी चौथीत शिकवलं होतं. पंधरा ऑगस्टचं भाषण त्याच्याकडून घोकून घेतलं होतं, आणि ते त्यानं उत्तम केलं होतं.

"तुमी घामाघूम झालेत," बनुबाई म्हणाली. "मळमळतंय का आजून?"

"हो," सर म्हणाले.

तिनं पिशवीतून सुपारीची खांडं काढून त्यांच्या हातावर ठेवली आणि वारा यावा म्हणून खिडकीची काच सरकवली.