पुढच्या बाकावरचा वास

मेकन गावातल्या आमच्या, काळ्या लोकांच्या चर्चमध्ये डावीकडचा दुसरा बाक माझा. म्हणजे कुणी लिहून दिलेला नाही, पण ऑर्गनच्या कुशीतल्या त्या कोपऱ्यात माझ्याखेरीज दुसरं कुणी बसलं तर त्या माणसाला उपासना संपेपर्यंत माझी नजर मानेवर सोसावी लागते.

त्या बाकाचं माहात्म्य असं. आमचे पाळक रेनफ्रो उपदेशाला उभे राहतात तेव्हा नुसतं बोलतात. चष्मा नाकावर, रुमाल खिशात, आवाज पोस्टातल्या कारकुनासारखा. मग हळूहळू आवाज चढू लागतो. ओळीच्या शेवटी श्वास ‘हा!’ असा तुटतो, त्या फटीतून ऑर्गन आत शिरतो, आणि बोलण्याचं गाणं कधी झालं ते कळतच नाही. अशा वेळी समोरून कुणालातरी “सांगा, पाळक!” म्हणावं लागतं, आणि ते सुरात म्हणावं लागतं. ते काम मी करते. आठवडाभर शाळेची बस चालवून पोरांवर ओरडत असल्यामुळे घसा तयार आहे. मी साथ दिली नाही तर पाळकांचा उपदेश स्वर्गाच्या निम्म्या वाटेवर बंद पडेल, अशी माझी समजूत होती. देवाने हा गर्व बराच काळ चालू दिला. मग एप्रिल आला.

पाळक आमच्या चर्चमध्ये सेवेला आले त्या दिवसाचा वाढदिवस होता. सभागृह खच्चून भरलेलं, पुरुषमंडळी तळघरात जेवणाच्या खटपटीत, आणि वर पाळक अगदी टिपेला पोचलेले. मी पन्नाशीची, पाळी येते-जाते, अंगातून मधूनच वाफा निघतात. मी दोन्ही हात वर करून उभी राहिले, तोंड उघडलं, आणि वास आला.

मासळीचा.

मी गपकन खाली बसले. गुडघ्याला गुडघा जुळवला. जरा थांबून पुन्हा हुंगलं. होताच. शेजारी माझी मैत्रीण मोझेल नाकाला रुमाल लावून बसली होती. झालं! आरोपी मी, पोलीस मी, न्यायाधीशही मीच. अर्ध्या मिनिटात निकाल लागला. आमच्यात उपासना चालू असताना उठून जायचं तर उजव्या हाताचं एक बोट वर करायचं, मान झुकवायची आणि मांजरीच्या पावलांनी निघायचं, म्हणजे ‘माफ करा, जाते’. तसं बोट वर करून मी निघाले. मागे पाळकांचा श्वास तुटला, ‘हा!’, आणि त्या फटीत कुणीच काही बोललं नाही.

घरी येऊन मी थेट न्हाणीघरातल्या कपाटातून आईची लाल रबरी पिशवी काढली. आई दर शनिवारी संध्याकाळी ती खिळ्याला टांगायची, तिच्यात व्हिनेगर घातलेलं कोमट पाणी भरायची आणि नळीने स्वतःला खालून आत धुवायची. आम्ही मुली वयात आल्यावर आम्हालाही शिकवलं. त्या जागेला ती पर्स म्हणायची. “देव अंतःकरण बघतो गं,” ती सांगायची, “पण बाकावर शेजारी देव नसतो बसलेला.” आईने जन्मभर गोऱ्यांच्या घरी भांडी घासली. तिथल्या मालकिणीने तिचा पेला वेगळा ठेवला होता, आणि आई खोलीतून गेली की मालकीण खिडकी उघडायची. आमच्या माणसांना वास येतो असं बोलायला तेव्हा कुणाला लाज वाटत नव्हती. आईने त्याचं उत्तर व्हिनेगरने दिलं. तिला मी हसत नाही. मी हसते ती मला; कारण माझ्या बसची खिडकी कुणीही माझ्यामुळे उघडली नव्हती, तरी मी आईचा शनिवार रोजचा केला.

रोज संध्याकाळी पिशवी. वरून औषधांच्या दुकानातला फवारा, ‘वसंतातली पहाट’ नावाचा. त्यावर पावडर. त्यावर पोट आवळणारा घट्ट पट्टा, म्हणजे जे काही असेल ते आत कोंडलेलं राहावं. इतका बंदोबस्त तर तुरुंगातही नसेल. आणि रविवारी मी बसू लागले शेवटच्या बाकावर, दाराशी, पंख्याखाली.

गंमत अशी की खरा वास तिथून पुढे सुरू झाला. दोन-तीन आठवड्यांत कपड्याला पातळ, राखाडी पाण्यासारखं काही लागू लागलं आणि त्याला खराखुरा मासळीचा वास. म्हणजे माझं बरोबरच होतं! असं म्हणून मी व्हिनेगर वाढवलं. आता आगही होऊ लागली. बसच्या आसनावर मी अशी बसायचे की पहिलीतली पोरं विचारायची, “मिस ओलेथा, तुम्हाला पण शू लागलीय का?”

शेवटच्या बाकावरून उपदेश ऐकणं म्हणजे शेजारच्या घरातलं लग्न भिंतीपलीकडून ऐकणं. शब्द कळतात, अंगावर काटा येत नाही. मी तिथून “सांगा!” म्हटलं तर ते पाळकांपर्यंत पोचेपर्यंत शिळं व्हायचं, शेवटी तेही सोडलं. रविवारी दुपारी घरी येऊन मी रडायचे, आणि रडून झालं की पिशवी भरायचे.

मे सरता सरता मोझेलने मला चर्चच्या आवारात गाडीपाशी गाठलं. मोझेल बायकांचे केस करायचं दुकान चालवते. तिच्यापासून काही लपवायचं तर टक्कल करावं लागेल.

“खरं सांग,” ती म्हणाली, “तो दारावरचा डीकन का?”

“कोण डीकन?”

“तो विधुर, चर्चचा सेवेकरी. तू दाराशी बसतेस, तो दाराशी उभा असतो. अर्ध्या मंडळीने तुमचं लग्न ठरवलंय. मी लग्नात घालायची टोपीसुद्धा बघून ठेवलीय.”

“मोझेल, त्याला दात नाहीत.”

“प्रेमाला काय चावायचंय?”

मी हसले नाही. तेव्हा तिने माझ्या गाडीच्या दाराला पाठ टेकली, म्हणजे आता गाडी सुटत नाही. “हे बघ, पुढच्या महिन्यात स्त्रियांचा रविवार, सगळी उपासना बायकांची. सॅव्हानाहून रेव्हरंड ल्यूव्हिनिया स्ट्रोझियर येतायत. बाई अशी गाते की खांब डोलतात. पण तिला समोरून उत्तर देणारं लागतं, नाहीतर ती सरळ वाचून दाखवते आणि बसते. पाळक म्हणाले, भगिनी ओलेथाला पहिल्या बाकावर बसवा. मी होकार कळवून टाकलाय.”

“मला जमायचं नाही.”

“का?”

“मला… वास येतो.”

“कसला?”

“पर्सला.”

मोझेलने डोळे मिटले. वाटलं प्रार्थना करतेय. ती हसू दाबत होती. “आणि तू काय करतेस त्याला?”

मी पिशवी सांगितली, फवारा सांगितला, पावडर सांगितली. पट्ट्यापर्यंत आले तेव्हा तिचं हसू गेलं होतं.

“बाई गं,” ती म्हणाली, “रोज धुतलं तर माझ्या गिऱ्हाइकांच्या डोक्याचीसुद्धा सालपटं निघतात. ते तर निदान बाहेरचं कातडं आहे. उद्या डॉक्टरकडे चल.”

“डॉक्टरला काय सांगू?”

“मला सांगितलंस तेच. फक्त ‘वसंतातली पहाट’ म्हणू नकोस.”

दवाखान्यात डॉक्टर म्हणून कोण आली? इमानी ब्रेझियर! रविवारच्या शाळेतली माझी विद्यार्थिनी. प्रार्थनेत च्युइंगगम खाल्लं म्हणून मी तिला कोपऱ्यात उभं केलं होतं. आता ती पांढऱ्या कोटात उभी आणि मी कागदाच्या झग्यात, पाय तपासणीच्या टेबलाच्या रिकिबीत. देवाकडे विनोदबुद्धी नाही असं म्हणणाऱ्याने त्या टेबलावर एकदा झोपून बघावं.

“काय होतंय, मिस ओलेथा?”

“माझ्या पर्सला वास येतो.”

पोर आमच्या गावचीच. तिने खुर्चीवरच्या माझ्या पर्सकडे बघितलंसुद्धा नाही. नीट तपासलं, कापसाच्या बोळ्याने थोडं पाणी घेतलं, शेजारच्या खोलीत जाऊन सूक्ष्मदर्शकातून बघून आली. मग स्टूल ओढून माझ्या डोळ्यांच्या पातळीला बसली.

“योनी स्वतःला स्वतः धुते,” ती म्हणाली. “जे थोडं पाणी जातं ना, तेच तिचं धुणं. आत चांगले जंतू राहतात, ताकात असतात त्याच जातकुळीचे. ते आतली जागा आंबट ठेवतात, म्हणजे वाईट जंतू माजत नाहीत. तुम्ही रोज त्यांना पाण्याने हुसकून लावलंत. घर रिकामं पडलं, आणि नको ते भाडेकरू शिरले. हा वास त्यांचा.”

“पण व्हिनेगरही आंबटच की गं!”

“मिस ओलेथा, ताक बिघडलं तर त्यात व्हिनेगर ओतून ताक होतं का?”

बाहेर असते तर हिला पुन्हा कोपऱ्यात उभं केलं असतं.

तिने सात दिवसांच्या गोळ्या दिल्या, मध्येच बरं वाटलं तरी सगळ्या संपवायच्या. पिशवी बंद, फवारा बंद, पावडर बंद. बाहेरून फक्त कोमट पाणी. साबण हवाच तर साधा, बिनवासाचा, आणि तोही बाहेरच. सुती कपडे. घामेजलेले कपडे लवकर बदलायचे. आवळणारा पट्टा तर तिने नुसत्या भुवईने बंद केला.

“आणि मग वास जाईल?” मी विचारलं.

“हा मासळीचा जाईल. पण सगळा नाही जाणार, आणि जायलाही नको. थोडा आंबूस वास असतोच. पाळीच्या दिवसांत जरा लोखंडासारखा, घाम आला की घामासारखा. निरोगी बाईचा तोच वास. गुलाबाचा कुणालाच येत नाही.” मग म्हणाली, “वास एकदम बदलला, मासळीसारखा झाला, खाज-आग झाली, पाण्याचा रंग बदलला, तर इथे यायचं. कपाटाकडे नाही जायचं. आणि हे घाणेरडेपणाने होत नाही. तुमच्याइतकी धुतलेली बाई मी या आठवड्यात बघितली नाही.”

मला आईचा वेगळा ठेवलेला पेला आठवला. त्या झग्यातच मी थोडी रडले. इमानीने कागदी रुमाल पुढे केला. च्युइंगगमचा विषय दोघींनीही काढला नाही.

गोळ्यांनी तोंड कडू झालं, पण आठवड्यात आग गेली, तो वासही गेला. लाल पिशवी मी फेकली नाही. आईचा हात लागलेली आहे. धुऊन, वाळवून, घडी करून तिच्या टोप्यांच्या पेटीत ठेवली. निवृत्ती दिली म्हणा.

स्त्रियांचा रविवार उजाडला. आम्ही सगळ्या पांढऱ्यात, आणि पुरुष तळघरात आमच्यासाठी रांधायला. मी पहिल्या बाकावर. मोझेल माझ्या कडेला अशी चिकटून बसली, जसा कैद्याशेजारी शिपाई. रेव्हरंड स्ट्रोझियर उभ्या राहिल्या: ठेंगणी बाई, हाताएवढी काठी, आवाज अगदी साधा. सकाळी उठल्याबद्दल आभार मानण्यापासून त्यांनी सुरुवात केली.

“आज सकाळी त्याने मला हाक मारली.”

“हो, मारली!” मी म्हटलं. अगदी हळू, भीतभीत. बाईंचं लक्ष गेलं. त्यांनी सूर अर्ध्या पायरीने वर नेला.

“डोळे दिले होते, ते उघडले, हा! पाय दिले होते, ते हलले, हा! जे जे त्याने घडवलं, ते ते जागेवर होतं!”

“सांगा, बाई!” आता ऑर्गन शिरला. माझ्या अंगावर काटा आला, दोन महिन्यांनी. मी उभी राहिले, हात वर केले, तोंड उघडलं, आणि वास आला.

मासळीचा.

सात दिवस गोळ्या, सुती कपडे, ताकाचे जंतू, सगळं व्यर्थ! वर गेलेल्या दोन हातांतला एक खाली आला, दुसऱ्याचं फक्त एक बोट वर राहिलं. मान झुकवली आणि मी वळले.

रेव्हरंड स्ट्रोझियरनी ते बोट बघितलं. ही बाई बाहेर निघालीय हे त्यांच्या ध्यानीमनीही नसावं. उपदेश पेटलेला असला की समोरचं सगळंच सरपण.

“एक!” त्या गायल्या. “बहिणीने एक बोट वर केलं, हा! घडवणारे किती, हा?”

“एक!” मंडळी गरजली. आणि बघते तर सगळ्या सभागृहात पांढऱ्या बाह्यांमधून बोटंच बोटं वर. सगळीच बोटं वर असल्यावर कुणी माफी मागून जायचं कुठून?

मोझेलने माझा झगा धरून खाली ओढलं. “कुठे निघालीस?”

“मोझेल, वास! पुन्हा!”

“अगं खुळे, खाली पुरुष मासे तळतायत! दर वेळी यांना घाई. उपदेश संपायच्या आत कढई ठेवतात आणि तो धूर जिन्याने वर येतो. पाळकांच्या वाढदिवसालाही हेच केलं.”

“वाढदिवसाला?” मी म्हटलं. “एप्रिलमध्ये? तू नाकाला रुमाल लावला होतास…”

“मी रडत होते! पाळक किती सुंदर गात होते. आणि तू मधूनच उठून गेलीस, मेली.”

मी बसल्या जागी सगळा हिशेब मागे नेला. तळघरात कुणीतरी पिठात घोळवून मासा तेलात सोडला, आणि त्यापायी मी दोन महिने स्वतःला खारवत बसले. मला हसू आलं. ते दाबता येईना, पोटातून वर येऊ लागलं, आणि नेमका तेव्हाच रेव्हरंड स्ट्रोझियरचा श्वास तुटला, ‘हा!’, आणि समोर ती फट उघडी पडली, माझी वाट बघत.

हसू आवरायला वेळच नव्हता. मी ते तसंच सुरात लावलं.

“सांगा, बाई! सांगा!”

बाईंनी काठी बाजूला ठेवली आणि पट्टी आणखी वर नेली.