पेलाभर पाणी

अकोल्यातील एका आरोग्य मंडळाने यंदा ज्यांचा सत्कार योजिला होता, त्यांत बार्शीटाकळीचे मोतीराम एक होते. त्यांच्या कार्याची रीत साधी होती. एखाद्या घरी जाऊन ते प्रथम सांगत, "मले टीबी झाला होता. गोळ्या पुऱ्या घेतल्या, बरा झालो." आणि मग प्यायला पाणी मागत. घरच्या पेल्यातून पाणी मिळाले, की त्या घराचे भय गेले असे ते समजत. ओंजळीत वरून ओतले, तर पुन्हा जात.

सत्काराच्या सकाळी मात्र त्यांनी मंडळाच्या ज्योत्स्नाताईंना बाजूला घेतले. कन्या दामिनी हिचे लग्न अंजनगाव सुर्जीच्या शालिकरामांच्या मुलाशी ठरत आले होते. आणि हे भावी व्याही निमंत्रणावाचूनच, कौतुकाने, पहिल्या रांगेत येऊन बसले होते.

"ताई, आज बिमारीचं नाव घेऊ नका. नुसतं आरोग्यसेवा म्हना."

"भाऊ, तुमीच असं म्हनता?"

"पोरीचा प्रश्न आहे."

ज्योत्स्नाताईंनी नाइलाजाने मान हलविली. यथाविधी शाल आणि श्रीफळ अर्पण झाले. दोन शब्द बोलण्याची विनंती होताच मोतीराम म्हणाले, "सर्वांनी आपापलं आरोग्य जपावं," आणि थांबले.

तोच मधल्या रांगेतून पार्बताबाई उठल्या. "हे काय बोलून राहिले भाऊ? आपली गोष्ट सांगा ना! थे आयकून तं मी गोळ्या घेतल्या. आज सुनेले मुद्दाम आनलं. मी बरी झाली तरी माह्यं ताट अजून येगळंच ठेवते!"

सभागृह हसले. सुनेने मान खाली घातली. मोतीरामांनी एकवार शालिकरामांकडे पाहिले, खांद्यावरची शाल सारखी केली आणि नेहमीच्याच शब्दांत नेहमीचेच सांगितले.

कार्यक्रम संपला. लोक चहाकडे वळले, पण शालिकराम जागचे हलले नाहीत. मोतीराम त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले.

"पानी भेटन काय?"

शालिकरामांच्या हातात अर्धा भरलेला पेला होता. तो त्यांनी दिला नाही.

"गावोगाव सांगत फिरता, आन् व्याह्यालेच नाई? आमाले काय समजले तुमी, अडानी?"

"चुकलं माह्यं."

"चुकलंच!" असे म्हणून शालिकराम पेल्यातले घोटभर पाणी स्वतः प्यायले आणि उरलेले त्यांनी पुढे केले. "घ्या. तारखेचं बोलाले आयतवारी येतो मी. पोरीले सांगा, चहात साखर कमी टाकजो. मले शुगर आहे. पाहा, मी लपवलं नाई."

मोतीराम पाणी प्यायले.

पलीकडे पार्बताबाईंनी सुनेला कोपराने ढोसले. सून पाहतच होती.