पाठीमागची शिवण

माझ्या नवऱ्याला खोटं बोलता येत नाही, असं मुळीच नाही. गोळी घेतलीस का, विचारलं की न घेताच ‘घेतली’ म्हणतो. दम लागतोय का, विचारलं तर ‘छे, कुठं?’ आणि हे म्हणताना जिन्याच्या कठड्याला धरून उभा असतो. पण खुर्ची, सोफा, गादी यांच्याबद्दल मात्र त्याच्या तोंडून एक शब्द खोटा निघत नाही. आमचं अर्धं नुकसान त्यातूनच झालं, असं त्याची आई म्हणते.

त्याला सगळे उस्ताद म्हणतात. मीही म्हणते, कधी लाडानं, कधी दात-ओठ खाऊन. जुने सोफे उसवायचे, आतल्या स्प्रिंगा नव्यानं बांधायच्या, वर कापड चढवायचं, हे त्याचं काम. दुकान एवढंसं. दोन सोफे आले की आम्हाला उभं राहायला रस्त्यावर जावं लागायचं. भिंतीवर वाकड्या सुया मापानं टांगलेल्या आणि हवेत कायम कापसाचे तंतू तरंगणारे.

त्याच्या वडिलांनी घालून दिलेली एक रीत तो पाळायचा. माल गिऱ्हाइकाच्या ताब्यात देताना आधी त्यातली खोट दाखवायची आणि मगच पैसे सांगायचे. "हा हात जरा कुरकुरेल, लाकूडच तसं आहे." "इथं फुलाला फूल जुळलेलं नाही, अर्धं बोट सरकलंय." गिऱ्हाइकाला जे जन्मात दिसलं नसतं, ते हा बोट ठेवून दाखवायचा. काही लोक त्यासाठीच पुन्हा यायचे. बाकीचे लगेच भाव पाडायचे.

"अरे, डॉक्टरसुद्धा सांगत नाहीत, ‘इथं जरा वाकडं कापलं गेलंय’ म्हणून," मी करवादायचे.

"म्हणून तर त्यांची घरं मोठी असतात," तो म्हणायचा.

मग त्याच्यावरच डॉक्टरांची पाळी आली. हृदयाची झडप निकामी झाली होती. आधी जिना चढताना धाप लागायची, मग हातोडी उचलताना, मग नुसतं बोलताना. घेतलेली कामं अर्धवट राहिली. उघड्या पोटाचे सोफे लोक परत न्यायला लागले. शिवणयंत्राचं कर्ज होतं, फोमवाल्याची उधारी होती, त्यात दवाखान्याची भर पडली. दुकानाची किल्ली मालकाला परत दिली, तरी भोक बुजेना. शेवटी वकील म्हणाले, आता नादारीचा अर्ज करा. माणूस जे देणं फेडू शकत नाही, ते फेडू शकत नाही असं कोर्टासमोर सरळ सांगायचं. घरात विकून पैसे येतील असं काही असेल तर ते विकून ज्यांचं देणं आहे त्यांच्यात वाटतात, आणि पाटी पुसतात.

"रोजच्या वापरातल्या किरकोळ वस्तू नेत नाहीत," वकील म्हणाले. "कामाची हत्यारंही नेत नाहीत. पण एखादी वस्तू चांगली किंमत आणणारी असेल, तर ती जाते."

माझ्या डोळ्यांसमोर एकच वस्तू आली. खुर्ची.

मला दिवस गेले होते तेव्हा उस्तादानं कुणीतरी टाकून दिलेला खुर्चीचा सांगाडा घरी आणला. "तुला बाळाला पाजायला," म्हणाला. मला उभं करून, बसवून, कोपर वाकवून मापं घेतली. खुर्चीचे हात इतके खाली ठेवले की कोपर बरोबर टेकतं आणि खांदा अवघडत नाही. बैठक इतकी उंच की पाय जमिनीला लागतात. प्रत्येक स्प्रिंग चारी बाजूंनी हातानं बांधली. फक्त पाठीमागचं कापड शिवायचं राहिलं आणि तो दवाखान्यात भरती झाला.

ऑपरेशनच्या दिवशी त्याची आई तिकडं बाकावर बसली होती. मला दिवस भरत आले होते, म्हणून सगळ्यांनी घरी हाकललं. घरात मी आणि ती उघड्या पाठीची खुर्ची. हाताला काही काम नसतं तर मी भिंतीवर डोकं आपटलं असतं. मग वाकडी सुई घेतली आणि बसले शिवायला. तिकडं त्याच्या छातीवर टाके पडत होते, इकडं मी घालत होते. त्यांचे नीट आले.

तो घरी आला तेव्हा भिंतीला धरत धरत खुर्चीभोवती एक फेरी मारली. मागे उभा राहिला. शिवणीवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. आता ऐकावं लागणार, म्हणून मी तयारीत होते. पण तो नुसता "पुरी झाली वाटतं," म्हणाला आणि पुढे येऊन बसला. बिचाऱ्याला बोलायचंही त्राण नाही, असं मला वाटलं. त्राण नाही म्हणावं तर दुसऱ्याच दिवशी आरशात छाती बघून म्हणाला, "डॉक्टरांनी टाके समान घेतलेत. शेवटी शेवटी मात्र घाई केलीय."

मग मुलगी झाली. गोल, लांबट, दोन्ही टोकांना आवळलेली. त्यानं तिचं नाव तक्क्या ठेवलं आणि खऱ्या नावानं तिला आता कुणीच हाक मारत नाही. तक्क्या झोपते ती त्याच खुर्चीत, माझ्या मांडीवर. पलंगावर ठेवलं की तिला जणू विंचू चावतो. माझं खाणं, टेकणं, हे चार शब्द लिहिणं, सगळं त्या खुर्चीच्या जिवावर चाललंय. म्हणून कोर्टाकडून बाई सामान बघायला येणार असं कळल्यावर मी नवऱ्याला समोर बसवलं.

"उद्या तू फक्त गप्प बसायचं."

"मी काय बोलणार आहे?"

"तू काय बोलशील ते मला माहीत आहे, म्हणूनच सांगतेय."

दुसऱ्या दिवशी सकाळीच आईंनी खुर्चीवर एक विटकी चादर टाकली, तक्क्याला मांडीवर घेतलं आणि त्यावर ठाण मांडलं. "बघते कोण उठवतं ते," म्हणाल्या.

बाई आल्या. पन्नाशीच्या, सपाट चपलांच्या, गळ्यात दोरीला लावलेला चष्मा. आवाज असा की वाढवला तरी कळू नये. पाणी घेतलं, तक्क्याकडे बघून एकदा हसल्या आणि कामाला लागल्या. मी हात जोडून कोपऱ्यात उभी.

"टीव्ही चालतो?"

"चालतो. पण मध्येच आवाज जातो, मग पाठीत एक चापट मारावी लागते," उस्ताद म्हणाला.

"फ्रिज?"

"दार लागत नाही. गुडघ्यानं दाबून धरायचं, मग लागतं. आणि मॅडम, कपाटाला मागून वाळवी आहे."

बाई लिहीत गेल्या. माझा जीव भांड्यात पडत गेला. ज्या सवयीपायी धंद्याला गळती लागली, ती आज आमच्या बाजूनं लढत होती. हत्यारांच्या पेटीकडे बघून त्या म्हणाल्या, "ही तुमच्याकडेच राहील." मग त्या खुर्चीपाशी आल्या.

"आजी, जरा उठता?"

"गुडघे गेलेत माझे," आई म्हणाल्या. "एकदा बसले की बसले."

"बरं, बसा." बाईंनी चादरीचा कोपरा उचलून खाली पाहिलं. "जुनी खुर्ची. किरकोळ."

पेन कागदावर टेकलंच होतं.

"किरकोळ?"

मी डोळे मिटले.

"किरकोळ म्हणजे काय, मॅडम?" उस्ताद उठला होता. "आई, ऊठ."

"अरे, माझे गुडघे..."

"ऊठ गं!"

आणि गुडघे गेलेल्या आई तक्क्याला घेऊन टुणकन उठल्या. त्यानं चादर ओढून काढली. घरी आल्यापासून त्याला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. दुकानाची पाटी उतरवली तेव्हासुद्धा खिडकीतून बाहेर बघत बसला होता. तोच आता गुडघ्यांवर बसून बैठकीवर थापा मारत होता. "आवाज ऐका. आला का आवाज? नाही ना? हाताची बांधणी आहे. एक स्प्रिंग दुसरीला लागत नाही. दुकानात मिळते ती दोन वर्षांत मध्ये खड्डा पडून बसते. ही तुमच्या नातवंडांना पुरेल. बसून बघा. बसा तर खरं!"

बाई बसल्या. पाठ टेकली. कोपरं ठेवली. क्षणभर त्यांचा चेहरा कोर्टाच्या कामावर आलेल्या माणसाचा राहिला नाही.

"म्हणजे हिला किंमत येईल?"

"येईल म्हणजे? दुकानातल्या नवीनच्या दुप्पट येईल!"

बाई हळूच उठल्या. "मग मला तशी नोंद करावी लागेल. ही विक्रीला जाईल."

त्याचा हात बैठकीवरच राहिला. आपण काय केलं हे त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू चढत गेलं.

"बापावर गेलाय," आई तक्क्याला म्हणाल्या. "थेट बापावर."

मला रडू यायला हवं होतं. पण घाबरल्यावर माणसाला भलतंच काहीतरी आठवतं, तसं मला दुकान आठवलं. दारापाशी उभं गिऱ्हाईक आणि शिवणीवर ठेवलेलं त्याचं बोट.

"उस्ताद," मी म्हणाले, "तू भाव सांगितलास. खोट सांगायची राहिली."

"कसली खोट?" बाईंनी चष्मा चढवला.

"यांच्याकडे रीत आहे, मॅडम. माल द्यायच्या आधी त्यातली खोट सांगायची. वडिलांपासूनची. सांग ना रे."

त्यानं नाही अशी मान हलवली. "हिच्यात खोट नाही."

"मागची शिवण दाखव त्यांना."

"शिवण चांगली आहे."

"उस्ताद!"

"चांगली आहे म्हणतो ना मी!"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या दिवशी त्याच्या अंगात बोलायचं त्राण होतं. बोट वरपासून खालपर्यंत फिरलं होतं आणि प्रत्येक टाका त्याला कळला होता. उभ्या आयुष्यात एकाच खुर्चीची खोट त्यानं गिळून टाकली होती, आणि आता ती खुर्ची जायची वेळ आली तरी तो ती ओकत नव्हता. मला त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं आणि त्याच दमात गळा दाबावासाही वाटला.

मी पुढे होऊन खुर्ची गर्रकन फिरवली.

मागं ते होतंच. वरती शिवण बऱ्यापैकी सरळ. मग ती प्यायल्यासारखी डावीकडे झुकते, पुन्हा शुद्धीवर येते, मग टाके मोठे मोठे होत जातात आणि सगळ्यात खाली वाटाण्याएवढी गाठ.

"हे कुणी शिवलं?"

"मी. याचं ऑपरेशन चाललं होतं तेव्हा."

बाई खाकरल्या. "हाताची शिवण आहे. तर यानं किंमत वाढते, की कमी होते?"

"वाढते," उस्ताद म्हणाला.

"कमी होते," मी म्हणाले. दोघंही एकदम.

"कधी एका गोष्टीत यांचं पटेल तर शपथ," आई पुटपुटल्या.

बाई खाली वाकल्या. शिवणीत नख घालून पाहिलं. मग मला सोडून त्यालाच विचारलं, आणि आता त्यांचा आवाज पुन्हा कामाचा होता. "तुम्ही कारागीर आहात. गिऱ्हाइकाला द्यायची झाली, तर ही अशीच द्याल?"

तक्क्यानं एक जांभई दिली. तो माझ्याकडे बघेना, बाईंकडे बघेना. जमिनीकडे बघत होता.

"नाही," शेवटी म्हणाला. "मधल्या झुकावाच्या खाली दोरा ढिला आहे. वर्षभरात कापड सुटेल. सगळी उसवून पुन्हा करावी लागेल."

नवऱ्यानं चारचौघांत माझी खोट काढली आणि मी सुटकेचा श्वास सोडला, असं आमच्या संसारात पहिल्यांदाच घडलं.

बाईंनी लिहिलं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, "जुनी खुर्ची, पाठीमागचं काम सदोष. किरकोळ." मग त्याची सही घेतली. दारातून निघताना मला म्हणाल्या, "हे सांगणं माझ्या कामात बसत नाही. पण तो दोरा तेवढा बघून घ्या. बाळ असतं त्यात."

त्या गेल्यावर आईंनी खुर्ची पुन्हा काबीज केली. उस्ताद भिंतीकडे तोंड करून बसला. चहा दिला तर घेईना.

"अरे, राहिली ना खुर्ची!"

"सदोष," तो म्हणाला. "सरकारी कागदावर. माझी खुर्ची. आणि खाली सही माझी."

"तुझी कुठं? सदोष भाग माझा आहे."

"तेच तर." मग भिंतीलाच म्हणाला, "त्यांना काय कळतंय?"

मी तक्क्याला घेतलं, आईंना उठवलं आणि खुर्चीत बसून तिला पाजायला लागले. ती झोपली. डोळा माझाही लागला असणार, कारण जाग आली ती पाठीमागच्या खुडबुडीनं. हत्यारांची पेटी उघडी होती. दवाखान्यातून आल्यापासून त्यानं तिला हात लावला नव्हता.

"हलू नकोस," मागून दबका आवाज आला. "झोपलीय ती."

"उसवतोयस?"

"उसवत बिसवत नाही. तुझ्या टाक्यांच्या शेजारून माझे घालतोय. धरून ठेवतील."

"आणि गाठ?"

"गाठ तिथंच राहणार. मध्ये बोलू नकोस."

पाठीला सुईचा बारीक ठोका लागत होता. दोन-तीन टाके, मग विसावा, श्वास ऐकू येईल एवढा. मग पुन्हा दोन-तीन. शेवटी गुडघे कुरकुरले आणि तो पुढे आला. घामाघूम, पण ओठ पूर्वीसारखे निळे पडले नव्हते.

"आज एवढंच. बाकी उद्या." त्यानं मला हात धरून, तक्क्याला न जागवता, उठवलं आणि खुर्चीच्या मागे नेलं. माझ्या दारुड्या शिवणीला लागून बारीक, सरळ टाक्यांची एक ओळ उतरत होती. अर्ध्यावर थांबलेली. तिच्यात एका जागी त्यानं बोट ठेवलं.

"इथं माझा हात थरथरला. हा टाका तिरका गेलाय."

मी निरखून पाहिलं. मला काही दिसलं नाही.

"दिसला," मी म्हणाले.

"हं," तो म्हणाला. "आता चहा दे."