चोवीस मागांची वही

मी मूर्ख आहे, हे आधीच सांगून टाकतो. बावीस वर्षं सुरतजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये माग दुरुस्त करणारा फिटर, आणि स्वतःच्याच पोटावर पाय देणारं काम मी इतकं नीटनेटकं केलं की शेठने पाठ थोपटली.

मॅनेजर म्हणाला होता, माग तीन किलोमीटरवरच्या नव्या शेडमध्ये हलवायचेत. आम्ही नारळ फोडला, प्रत्येक मागाला हळदीकुंकू लावलं आणि खोलायला घेतले. एकेका भागावर मी रंगाने नंबर टाकला. कोणता भाग कुठे बसतो, कोणत्या मागाची काय खोड, सगळं वहीत उतरवलं. एका मागाला एक पान.

पाचव्या दिवशी टेम्पोऐवजी कंटेनर आले. इतक्या जवळ जायला कंटेनर कशाला, असं ड्रायव्हरला विचारलं. तो तंबाखू मळत म्हणाला, माल हजिरा बंदरावर जाणार, तिथून आफ्रिकेला.

मॅनेजरने मला बाजूला घेतलं. दोन वर्षं तिकडे चल, माग उभे कर, तिथल्या कामगारांना शिकव, पगार तिप्पट. बाकीच्यांचं काय, असं विचारल्यावर त्याने मोबाईल कानाला लावला. चार महिन्यांपूर्वी त्यानेच माझा पासपोर्ट काढून दिला होता, असू दे म्हणून. मी शहाणा तो, राहतो त्या नवागाम वस्तीच्या अख्ख्या गल्लीत मिरवून आलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी युनियनची सभा भरली. मला एका जागी बसवेना. कोणी म्हणालं कंटेनर पेटवा, कोणी म्हणालं वही जाळा. युनियनचा चिटणीस शालिग्राम सगळ्यांचं ऐकून घेऊन मग उठला.

"पेटवलं तर विमा शेठला मिळेल आणि कोठडी आपल्याला. तिकडचा माणूसही पोटासाठीच मागावर उभा राहणार, त्याच्याशी आपलं वैर नाही. पण माग उभे करायचे असतील तर शेठने आधी आपल्यासमोर बसायचं. प्रत्येकाला दुसरं काम नाहीतर हक्काची भरपाई, आणि तेही लेखी."

त्याने वही मागितली. मी दिली. एकेक पान फाडून त्याने ज्याच्या त्याच्या मागाचं पान ज्याला त्याला वाटलं. आता शेठला चोवीस दारं वाजवावी लागणार होती. लोक पहिल्यांदाच हसले.

मला हसू येईना. वही फाटली तरी माझ्या डोक्यात ती शेवटच्या बोल्टपर्यंत शाबूत होती. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि एकही जण माझ्याकडे बघत नव्हता. तिप्पट पगार माझ्या मनातून जात नव्हता, खोटं कशाला बोलू. स्वतःची लाज वाटत होती आणि तरीही आकडा आठवत होता.

शेवटी बॉबिन भरणारी कविता उठली. तिच्या वाट्याला पान आलं नव्हतं, बॉबिनवालीला कोण विचारतं.

"भाऊ, तू जाशी का?"

मी खिशातला पासपोर्ट काढून तिच्या हातात ठेवला. सगळ्यांचं मिटेपर्यंत सांभाळ म्हणालो, मी मागायला आलो तरी देऊ नकोस. पिठाच्या डब्यात ठेवते, असं ती सरळपणे म्हणाली.

आज सहा दिवस झाले. शेठचा निरोप नाही, मॅनेजरचा फोन मात्र रोज येतो. कविताचं घर माझ्यापासून तिसरं. दोनदा मी तिच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. दोन्ही वेळा तिने चहा विचारला, आणि मी निघेपर्यंत ती डब्यापुढून हलली नाही.